ओबर्नडॉर्फ आणि हालाइन : ‘सायलेंट नाइट’च्या गावांतली दोन संग्रहालयं

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला जाणार असाल आणि नाताळच्या गाण्यांची थोडीजरी ओढ असेल, तर एक अख्खा दिवस राखून ठेवा. सकाळी ओबर्नडॉर्फ, दुपारी हालाइन. आणि लोकल गाडीने आपले आपण जा, टूरवाल्यांच्या बसने नको. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

मी वसईचा. चौतीस वर्षं आमच्या चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवतोय, आणि त्यातला बराच काळ दिवसा प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. मध्यरात्रीच्या मिस्सेला दिवे मंद होतात, फादर गव्हाणीत बाळ येशू ठेवतात आणि आम्ही ‘सायलेंट नाइट’ उचलतो, आधी मराठीत, मग इंग्रजीत. आमच्या गाण्यांच्या वहीत त्या पानावर नावाखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : ‘पारंपरिक, ऑस्ट्रियन’. वहीवरून झेरॉक्स, झेरॉक्सवरून झेरॉक्स, असं ते पान शेजारच्या दोन चर्चांतही पोचलंय. आणि तालमीला आलेल्या पोरांना मी दरवर्षी गोष्ट सांगायचो : ऑस्ट्रियात एका चर्चमध्ये उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला, ऐन नाताळच्या संध्याकाळी ऑर्गन मुका झाला, म्हणून फादरनी घाईघाईत कविता लिहिली आणि ती गिटारवर गायली. पोरांना उंदीर फार आवडायचे.

मुलगी म्युनिकला असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि बायको तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने हौसेने आमच्यासाठी एका टूर कंपनीच्या बसचं तिकीट काढलं. त्या बसमधल्या गाइडनेही माईकवरून हीच उंदरांची गोष्ट सांगितली, वर त्यात बर्फाचं वादळ घातलं. ओबर्नडॉर्फला एकूण चाळीस मिनिटं मिळाली. त्यातली पंचवीस बाजाराच्या टपऱ्यांपाशी गेली, कारण बस तिथे उभी राहिली. मी चॅपलच्या दारापर्यंत पोचलो आणि आत रांग. मागे वळलो तर गाइड हात हलवत बोलावत होती. बसमध्ये बसल्यावर बायको एवढंच म्हणाली, “परवा गाडीने येऊ.” तसे आलो.

साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनातून ओबर्नडॉर्फची लोकल सुटते. साधारण अर्धा तास. शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, एक सायकलवाला. आपल्या वसई-नायगावसारखीच रोजची गाडी, फक्त बसायला जागा मिळते. ओबर्नडॉर्फला उतरलं की वीसेक मिनिटं चालायचं. साल्झाख नदी एका बाजूला राहते, पलीकडच्या तीरावर लाउफेन दिसतं. ते जर्मनीत. मधे लोखंडी पूल. १८१६ पर्यंत ही दोन्ही एकच गाव होती. त्या वर्षी नेपोलियनच्या युद्धांनंतरच्या वाटाघाटीत नदीलाच सरहद्द केलं, लाउफेन बव्हेरियाला आणि ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियाला गेलं. मुख्य चर्च पलीकडे राहिलं, म्हणून अलीकडच्या नावाड्यांच्या वस्तीतल्या संत निकोलसच्या देवळाला वेगळ्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा) दर्जा मिळाला. गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं ते या देवळात, २४ डिसेंबर १८१८ला.

ते देऊळ आज नाही, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे निराशा होणार नाही. पुरांनी ते इतकं खिळखिळं केलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडावं लागलं, आणि गावच नदीच्या वरच्या अंगाला हलवलं. जुन्या देवळाच्या राडारोड्याचा उंचवटा होता, त्यावर पुढे हे आठ कोनांचं छोटं चॅपल बांधलं. १९३७ साली त्याचं उद्घाटन झालं. आत वीसेक माणसं मावतील. दोन बाजूंना रंगीत काचेच्या खिडक्या : एकीत फादर योसेफ मोर, दुसरीत फ्रान्झ झेव्हर ग्रूबर. मोर कवी, ग्रूबर चाल लावणारा.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजत होते आणि आत एक म्हातारं जोडपं सोडून कुणी नव्हतं. मी गुडघे टेकले. बायको भिंतीकडे बघत होती. मोरचा एकही फोटो किंवा चित्र अस्तित्वात नाही. शिल्पकाराला त्याचा चेहरा घडवायचा होता, म्हणून १९१२ साली त्याची कबर उघडून कवटी काढली, आणि नंतर ती या चॅपलमध्येच भिंतीत बसवली. हे वाचून तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. ज्या माणसाचे शब्द आपण आयुष्यभर म्हणतोय, त्याला चेहरा मिळावा म्हणून एवढं करावं लागलं, हे मलाही पचायला वेळ लागला.

शेजारीच जुन्या धर्मगुरूंच्या घरात संग्रहालय आहे. इथे घाई करू नका. मोरचं आयुष्य कळलं की गाणं वेगळं ऐकू येतं. तो १७९२ साली साल्झबर्गमध्ये जन्मला, लग्नाबाहेरचं मूल. आई विणकाम करून पोट भरायची, बाप सैन्यातून पळालेला शिपाई. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून नाव लागलं शहराच्या फाशी देणाऱ्या जल्लादाचं. कॅथीड्रलच्या एका फादरांनी पोराचा आवाज हेरला, शिकवलं, म्हणून तो धर्मगुरू झाला. सुरुवातीची नेमणूक मारियाफार या डोंगराळ गावात. १८१६ हे युरोपात उन्हाळाच न आलेलं वर्ष. पीक बुडालेलं, युद्धं नुकती संपलेली. ‘स्टिले नाख्त’, म्हणजे मूळ जर्मन ‘सायलेंट नाइट’, ही सहा कडव्यांची कविता त्याने त्या वर्षी तिथे लिहिली. आपण म्हणतो ती फक्त तीन : पहिलं, सहावं आणि दुसरं. १८५९ साली अमेरिकेतले जॉन फ्रीमन यंग या धर्मगुरूंनी इंग्रजीत केली ती हीच तीन, या क्रमाने. चौथ्या कडव्यात येशू जगातल्या सगळ्या लोकांना भाऊ म्हणून कवेत घेतो असं आहे. नदीवर नुकतीच सरहद्द आखलेल्या गावात हे म्हटलं गेलं, आणि आमच्यापर्यंत ते कडवं पोचलंच नाही.

पण मी ज्यासाठी पुन्हा आलो होतो ते वेगळं. ‘पारंपरिक’ हा शब्द माझ्या वहीत कुठून आला?

तो तिरोल या ऑस्ट्रियाच्या डोंगराळ प्रांतातल्या गायकांकडून आला. कार्ल माउराखर नावाचे ऑर्गन बांधणारे कारागीर तिरोलमधल्या झिलरटाल खोऱ्यातले. ते कामानिमित्त ओबर्नडॉर्फला यायचे. गाणं त्यांना आवडलं, त्यांनी ते आपल्या खोऱ्यात नेलं. तिथल्या स्ट्रासर आणि राइनर या घराण्यांनी ते उचललं. स्ट्रासर हातमोजे विकायचे. लाइपझिगच्या जत्रेत माल घेऊन जायचे आणि गिऱ्हाईक जमवायला गायचे. लोकांना गाणं इतकं भावलं की १८३०च्या दशकात ड्रेस्डेनमध्ये ते छापलं गेलं, ‘अस्सल तिरोली गाणी’ म्हणून, इतर तीन गाण्यांबरोबर. कवीचं नाव नाही, चाल लावणाऱ्याचं नाही. राइनरांनी १८३९ साली न्यू यॉर्कमध्ये ट्रिनिटी चर्चबाहेर ते गायलं. वीस वर्षांत एका गावातलं गाणं ‘लोकांचं’ झालं. मग कुणी म्हणे हायडनचं, कुणी म्हणे मोझार्टचं, बेथोव्हनचंही नाव निघालं. एवढी गोड चाल एखाद्या खेड्यातल्या मास्तराने बांधली असेल हे कुणाच्या डोक्यातच येईना.

इथे मी थांबलो, कारण मीही मास्तर आहे. ग्रूबर १८०७ पासून जवळच्या आर्न्सडॉर्फला शाळामास्तर होता. शाळेच्याच इमारतीत वर राहायचा. तिथल्या चर्चची व्यवस्था बघायचा, ऑर्गन वाजवायचा, आणि वर ओबर्नडॉर्फलाही चालत येऊन ऑर्गन वाजवायचा. विणकराचा मुलगा. वसईत आणि गोव्यात अशी माणसं आपण पाहिलीत. चर्चच्या शाळेत मुलांना बाराखडी आणि सूर एकाच छडीने शिकवणारे, लग्नाला, मैताला, सणाला वाजवणारे मास्तर. त्यांनी बांधलेल्या चाली आम्ही आजही म्हणतो आणि खाली ‘पारंपरिक’ लिहितो.

१८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातल्या संगीतमंडळींनी साल्झबर्गच्या सेंट पीटर मठाकडे विचारणा केली : मिखाएल हायडनने रचलेल्या या गाण्याची मूळ प्रत मिळेल का? हे पत्र फिरत फिरत ग्रूबरच्या मुलाच्या, फेलिक्सच्या हाती आलं. तो तिथेच मठात गात होता. त्याने बापाला कळवलं. ग्रूबर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा, हालाइनच्या चर्चचा ऑर्गनवादक. त्याने ३० डिसेंबर १८५४ला एक कागद लिहिला. भांडण नाही, आवाज चढवलेला नाही. २४ डिसेंबर १८१८ला सहायक धर्मगुरू योसेफ मोर यांनी आपली कविता ऑर्गनवादक ग्रूबर याच्याकडे दिली, दोन आवाज, समूह आणि गिटार यांच्यासाठी चाल लावायला सांगितली. त्याच संध्याकाळी चाल तयार झाली, त्याच रात्री गायली गेली, लोकांना आवडली. लाइपझिगला छापताना गाणं थोडं बदललं आहे, म्हणून मूळ प्रत सोबत जोडतो, असंही लिहिलं. मोर १८४८ साली वाग्राइन गावी वारला, हेही नोंदवलं. बस.

मी शाळेत कितीतरी अर्ज लिहिलेत, त्यामुळे हा सूर मी ओळखला. वरच्या साहेबाला न दुखवता ‘हे काम माझं आहे’ सांगणाऱ्या मास्तराचा सूर. तरीही पुढची कित्येक वर्षं शंका राहिलीच. कारण ग्रूबरचं म्हणणं हे ग्रूबरचंच म्हणणं. मोरच्या हातचं काहीच सापडत नव्हतं.

ते सापडलं १९९५ साली. मोरच्या अक्षरातली एक प्रत, अभ्यासकांच्या मते १८२०च्या सुमाराची. आता ती साल्झबर्ग म्युझियमकडे आहे. वर ‘वाइनाख्त्सलीड’, म्हणजे नाताळगीत. उजवीकडे वर : चाल फ्रान्झ झेव्हर ग्रूबरची. खाली डावीकडे : शब्द योसेफ मोरचे, आणि साल १८१६. एका फटक्यात दोन गोष्टी मिटल्या. कविता त्या रात्री घाईत लिहिलेली नाही, ती दोन वर्षं आधीची. आणि चाल ग्रूबरची, हे स्वतः मोर लिहितो. जेव्हा या गाण्याला बाजारात काही किंमत नव्हती, कुणी विचारायला येणार नव्हतं, तेव्हा मोरने मित्राचं नाव वर लिहिलं. चौतीसेक वर्षांनी, मोर मातीआड गेल्यावर, ग्रूबरने कागदावर पहिलं नाव लिहिलं ते मोरचं. इतक्या वर्षांच्या अंतराने दोघांच्या साक्षी जुळल्या. हे मी बायकोला बाकावर बसून समजावत होतो, आणि मधेच मला बोलता येईना.

उंदीर? ग्रूबरच्या कागदात उंदीर नाहीत. ऑर्गन बिघडल्याचाही शब्द नाही. ऑर्गन जुना आणि खराब होता, पुढे काही वर्षांनी माउराखरनीच तिथे नवा बसवला, त्यामुळे गोष्टीच्या मुळाशी काहीतरी आहे. पण भाता कुरतडणारे उंदीर नंतरच्या गोष्टकारांनी सोडले. मला वाईट वाटलं ते वेगळ्या कारणाने. त्या गोष्टीत गिटार ही नाइलाजाची वस्तू ठरते, ऑर्गन नाही म्हणून गिटार. खरं तर मोर गिटार वाजवायचा, त्याने मागितलीच गिटारची चाल. तो वरचा आवाज गायला आणि साथही त्यानेच केली, ग्रूबर खालच्या आवाजात. त्या काळी गिटार हे खानावळीतलं वाद्य समजलं जायचं. आमच्याकडेही मी पहिल्यांदा चर्चमध्ये गिटार आणली तेव्हा दोन वडीलधारी माणसं नाराज झाली होती.

त्या गिटारसाठी हालाइनला जायलाच हवं. साल्झबर्गहून दुसऱ्या दिशेला वीसेक मिनिटं गाडीने. हालाइन म्हणजे मिठाचं गाव. इथलं मीठ होड्यांतून साल्झाखवरून खाली ओबर्नडॉर्फकडे जायचं, आणि तिथले नावाडी त्यावर जगायचे. मिठागरांच्या काठावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून गाव लगेच जवळचं वाटतं. मीठ, नाव, देऊळ, हे तिघं कुठेही गेलं तरी शेजारीच राहतात असं दिसतं.

चर्चसमोरच्या ज्या घरात ग्रूबर राहिला तिथेच संग्रहालय आहे, आणि दारासमोर त्याची कबर. आजूबाजूच्या बाकी कबरी केव्हाच हलवल्या, ही एकच राहिली. आम्ही गेलो तेव्हा तिच्यापाशी छोटं नाताळचं झाड लावलेलं होतं.

आत काचेमागे मोरची गिटार. मी तिच्यासमोर किती वेळ होतो ते बायकोला विचारा. आजच्या गिटारपेक्षा लहान, कंबर बारीक, लहान मुलाला मांडीवर घ्यावं तशी धरता येईल एवढी. आवाज मोठा नसणार. एवढ्या वाद्याने चर्च भरत नाही, समोरची माणसं गप्प झाली तरच ते ऐकू येईल. मी खिशातल्या खिशात बोटं हलवून पाहिली. डी, ए सेव्हन, परत डी, मग जी. मोरच्या प्रतीतली पट्टी डी मेजरच आहे, सहाच्या मात्रेची झुलती लय, पाळणा म्हणताना हात आपोआप घेतो ती. अंगठ्याने खालची तार, मग तीन बोटं वरच्या तारांवर. तीन कॉर्डमध्ये अख्खं गाणं बसतं. चौतीस वर्षं मी ते जी मेजरमध्ये, कीबोर्डच्या मागे, जोरजोरात खरडत आलो. दोन आवाजांनी आणि एका छोट्या गिटारने म्हणायचं, आणि शेवटच्या ओळी सगळ्यांनी मिळून परत घ्यायच्या, अशी ती मुळात बांधणी. समूह मागून हळूच येतो. आमच्याकडे पहिल्या शब्दापासून साठ माणसं.

थोडं कामाचं. ओबर्नडॉर्फला सकाळी लवकर जा, बसगाड्या यायच्या आत चॅपल तुमचं असतं. ॲडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, तिथे खास टपालघर लागतं आणि पत्रावर नाताळचा शिक्का मिळतो. आम्ही सात कार्डं टाकली, नातवाचं आधी पोचलं. २४ डिसेंबरला संध्याकाळी पाचला चॅपलसमोर स्मरणसोहळा असतो आणि प्रचंड गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर तो दिवस टाळा. मोजे जाड घाला, नदीवरचा वारा हाडात शिरतो. नव्या ओबर्नडॉर्फच्या चर्चपाशी ज्यासाठी कवटी काढली ते शिल्प आहे : मोर खिडकीतून ओणवा होऊन कान देतोय, मागे ग्रूबर गिटार घेऊन. स्टेशनकडे परतताना पाच मिनिटं त्याला द्या. आर्न्सडॉर्फची शाळा आम्हाला जमली नाही. तिथे आजही वर्ग भरतात, आणि ग्रूबरच्या खोल्या वरच्या मजल्यावर जपल्यात. एका मास्तराचं तेवढं राहून गेलं.

लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर एकच विनंती. त्यांना उंदरांची गोष्ट सांगायची तर सांगा, पण ती गोष्ट आहे हे सांगा, आणि मग १९९५च्या त्या कागदाचीही सांगा. मी परवाच्या तालमीला सांगितली. एका पोरीने विचारलं, “सर, मग त्यांना कळलं का, की दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं ते?” मला उत्तर देता आलं नाही.

वहीतलं पान नवं लिहिलं. शब्द : योसेफ मोर, १८१६. चाल : फ्रान्झ झेव्हर ग्रूबर, १८१८. त्याच्या प्रती काढून शेजारच्या दोन्ही चर्चांनाही दिल्या, जुन्या परत मागवल्या. या वर्षी पहिलं कडवं कीबोर्डशिवाय, डी मेजरमध्ये, दोन आवाज आणि गिटार असं करायचं ठरलंय. फादरनी होकार दिला. चौथ्या कडव्याचं मराठी करायला बायको बसली आहे. खालच्या आवाजाला माणूस मिळाला, मासळीबाजारात बर्फाचा धंदा करणारा आमचाच एक गावकरी. वरच्या आवाजासाठी अजून शोधतोय. गुरुवारी संध्याकाळी सातला तालीम आहे.